ब्रह्मचर्याची शिकवण आणि लग्नानंतरचे मौन

रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती महाराष्ट्रात लोकलने किंवा पॅसेंजरने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने वाचलेल्या असतात. ‘लग्नाआधी आणि लग्नानंतर अवश्य भेटा’, ‘बालपणीच्या चुकांवर खात्रीचा इलाज’ अशी त्यांची भाषा असते. त्यातली चूक कोणती, हे जाहिरात देणाऱ्याला कधी सांगावे लागत नाही, कारण वाचणाऱ्या मुलाच्या मनावर ती घरात, तालमीत किंवा मित्रांच्या कुजबुजीतून आधीच बिंबलेली असते. ही शिकवण कोठून आली आणि वय वाढल्यावर तिचे काय होते, हे समजून घ्यायचे तर दीड-दोनशे वर्षे मागे जावे लागते.

आयुर्वेदाने शरीर घडवणारे सात धातू मानले आणि शुक्र (वीर्य) हा त्यांतला शेवटचा, म्हणजे अन्नाचे अंतिम सार ठरवला. हठयोगाच्या ग्रंथांनी तर ‘मरणं बिन्दुपातेन जीवनं बिन्दुधारणात्’, म्हणजे वीर्य पडल्याने मरण आणि ते धारण केल्याने जीवन, असे स्पष्टच सांगितले. मात्र हे वचन साधकासाठी होते, आणि ब्रह्मचर्य हा चार आश्रमांपैकी पहिला आश्रम होता. त्यानंतर गृहस्थाश्रम होता, आणि काम हा चार पुरुषार्थांपैकी एक होता. एकोणिसाव्या शतकात हा क्रम विस्कटला. टिसो नावाच्या स्विस वैद्याने अठराव्या शतकात हस्तमैथुनाविषयी लिहिताना एक औंस वीर्य गमावणे हे चाळीस औंस रक्त गमावण्यापेक्षा घातक असल्याचे म्हटले होते, आणि ही भीती पुढे युरोपातल्या वैद्यकात खोलवर रुजली. आपल्याकडे ‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य’ हे वाक्य पाठ असलेले लोक आजही भेटतात. जुनी धातुकल्पना आणि नवे डॉक्टरी भय यांना पारतंत्र्यातल्या दुबळेपणाच्या जाणिवेची जोड मिळाली, आणि तरुणांचे वीर्यरक्षण हे राष्ट्राच्या बलसंवर्धनाचे साधन मानले जाऊ लागले. तालमीतला ‘लंगोटाचा पक्का’ हा शब्दप्रयोग कुस्तीगीराच्या शिस्तीपुरता न राहता साऱ्या चांगल्या मुलांच्या चारित्र्याचे माप झाला.

गांधीजींनी १९०६ मध्ये, विवाहित असताना, ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. १९३५ च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या, तेव्हा पतिपत्नींचा संबंध केवळ संततीसाठी असावा आणि एरवी दोघांनी संयम पाळावा, या भूमिकेवर ते ठाम राहिले. गांधीजींच्या व्रतामागे आत्मशोधनाची मोठी धडपड होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या धडपडीचा आदर्श जेव्हा सामान्य घरांत पोहोचला, तेव्हा आत्मशोधन मागे पडले आणि लग्नाच्या बायकोशी असलेल्या संबंधातही काहीतरी हीन आहे, एवढीच भावना शिल्लक राहिली.

या भावनेशी मराठीत सर्वांत चिवट झुंज दिली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. विधवाविवाहासाठी आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांचा हा मुलगा मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होता. १९२१ मध्ये, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि या प्रचारापायी अखेर त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तोट्यात, जवळजवळ एकट्याच्या बळावर, पत्नी मालतीबाईंच्या साथीने चालवले. मासिकातली वाचकांची प्रश्नोत्तरे हा माझ्या मते मराठी समाजाचा फार मोलाचा दस्तऐवज आहे. जे वडिलांना, गुरुजींना किंवा डॉक्टरांना विचारण्याची सोय नव्हती, ते लोक पत्राने कर्व्यांना विचारत, आणि हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही असे कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता सांगत. याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. लोकांच्या मनात विकृत समजुती असतील तर त्या ज्ञानानेच दूर होतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

पत्रांतून व्यक्त होणाऱ्या या भीतीला वैद्यकशास्त्रात नाव मिळायला आणखी पाव शतक जावे लागले. १९६० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ अशी संज्ञा वापरली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही तिचा उल्लेख आला. अंगात त्राण नाही, कंबर दुखते, लघवीवाटे धातू जातो, लक्ष लागत नाही, अशा तक्रारी घेऊन तरुण पुरुष येतो. तपासणीत काही सापडत नाही, पण आपण आतून पोकळ झालो आहोत याविषयी त्याची खात्री असते. लग्न ठरले की ही चिंता बळावते, आणि चिंतेमुळेच संबंधांत अडचण आली की तो त्याला जुन्या पापाचा पुरावा समजतो.

मुलीच्या वाट्याला आलेले पावित्र्य निराळे होते, कारण तिच्याकडून संयमाची नव्हे तर पुराव्याची अपेक्षा होती. ऋतुप्राप्तीपूर्वी लग्न लावून देणे हा त्या पुराव्याचा जुना मार्ग होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून केवळ बारा वर्षांवर नेली, तरी पुण्यात केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री खोलीत पांढरी चादर अंथरली जाई आणि वधू ‘खरी’ की ‘खोटी’ हे वराकडून पंचांसमोर वदवून घेतले जाई. या प्रथेविरुद्ध २०१७ च्या सुमारास याच समाजातले तरुण-तरुणी उभे राहिले, २०१८ मध्ये पिंपरीत त्यांच्यापैकी काहींना मारहाण झाली, तरी ते मागे हटले नाहीत. मात्र एका समाजाकडे बोट दाखवून इतरांना मोकळे होता येणार नाही. कौमार्याची शारीरिक लक्षणे वैद्यकीय अभ्यासक्रमातही शिकवली जात होती, आणि ती शास्त्रीय नाहीत हे मान्य करून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग वगळला तो २०१९ मध्ये.

शाळेत हा विषय आणण्याचा प्रयत्न झाला, त्याची कथा थोडक्यात सांगता येते. एड्सच्या काळजीतून केंद्राने आखलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांतून लैंगिक शिक्षण नको, विवाहापूर्वी संबंध ठेवणे अनैतिक आहे हे मुलांना सांगावे, अशी भूमिका घेतली. वर्गांत मात्र फारसे काही बदलायचे नव्हतेच. प्रजननाचा धडा आला की ‘हा घरी वाचा’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळणारे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या होते.

नियमांची ही सारी शिकवण ‘लग्नापर्यंत’ या शब्दाशी येऊन थांबते. त्यानंतर काय करायचे, एकमेकांना काय विचारायचे, नको असेल तर कसे सांगायचे, यासाठी ना शब्द दिलेले असतात ना परवानगी. वीस-पंचवीस वर्षे जे ‘घाण’ म्हणून शिकवले, ते अक्षता पडल्या म्हणून एका रात्रीत पवित्र वाटू लागत नाही. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे म्हणूनच असेही एखादे जोडपे येते की ज्याच्या लग्नाला दोन-तीन वर्षे झालेली असतात, सोबत सासू असते, आणि मूल होत नाही एवढीच तक्रार केसपेपरवर लिहिलेली असते. सासूला बाहेर बसवून डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळे विचारले, की मग हळूहळू समजते की त्यांच्यात संबंध झालेलाच नाही. तिला वेदनेची भीती असते, त्याला शक्ती जाण्याची, आणि दोघांनीही ते आजवर एकमेकांना सांगितलेले नसते.