मूठभर सैनिकांनी साम्राज्यं जिंकली?

स्पॅनिश सेनानी कोर्तेसने जेमतेम पाचशे सैनिक, थोडे घोडे आणि बंदुका यांच्या जोरावर मेक्सिकोतलं अझ्टेक साम्राज्य लोळवलं आणि पोर्तुगीजांनी गोवाही तसाच घेतला, असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. शिवाय त्यात स्थानिक माणसं इतिहासातून पुसलीच जातात.

१५२१ साली अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लानला वेढा पडला, तेव्हा कोर्तेसच्या बाजूने शेजारच्या त्लाश्काला राज्याचे हजारो योद्धे लढत होते. अझ्टेकांशी त्यांचं जुनं वैर. आधी ते स्पॅनिशांशीही लढले, मग हातमिळवणी केली. त्यातच १५२० मध्ये शहरात देवीची साथ आली. अझ्टेक राजा कुइत्लावाक तिनेच गेला. स्पेनला जमीन, खाणी आणि राबणारी माणसं हवी होती, म्हणून ते आत घुसत गेले.

पोर्तुगीजांचा हिशेब समुद्राचा. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला, तो तिमोजा या स्थानिक आरमारी सरदाराच्या सल्ल्याने आणि मदतीने. पुढच्या वर्षी आजच्या मलेशियातलं मलाक्का, १५१५ मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं होर्मुझ. मोक्याची बंदरं, किल्ले, आरमार. अरबी समुद्रात जाणाऱ्या गलबताला ‘कार्ताझ’ हा परवाना काढावा लागे आणि पोर्तुगीज बंदरात जकात भरावी लागे. परवाना नसेल तर गलबत मालासकट जप्त. मुलूख मात्र बेताचाच. ‘साडेचारशे वर्षं अख्खा गोवा पोर्तुगीजांकडे होता’ हेही म्हणूनच खरं नाही: फोंडा त्यांच्याकडे गेलं १७६३ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. ब्राझील तेवढा वेगळा. तिथे उसाच्या मळ्यांसाठी त्यांनी जमीन बळकावली आणि आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून नेली.