पाच रुपयांच्या पाकिटामागची चाळीस वर्षं

‘डॉक्टर, हा काही जेवतच नाही.’ बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली ही फार जुनी तक्रार. नाशिकच्या सुखवस्तू गंगापूर रोडवर काय आणि कामगारांच्या सिडकोत काय, आजही ती तशीच ऐकू येते. जरा खोदून विचारलं की कळतं, मूल जेवत नसलं तरी दिवसभर खात असतं. सकाळी दुधात बुडवून क्रीमची बिस्किटं, मधल्या सुट्टीत वेफर्स, शाळेतून आल्यावर नूडल्स, क्लासला जाताना आणखी एक पाकीट. रात्री वरणभाताच्या ताटासमोर त्याला भूक लागणार कुठून?

मग त्या ताटावरून घरात जे सुरू होतं त्याचा आहाराशी फारसा संबंध उरत नाही. सासूला वाटतं, सुनेला स्वयंपाकाचा कंटाळा. सुनेला दिसतं की देवळातून परतताना सासरेच नातवासाठी कुरकुरे आणतात. वडील दिवसभर घरात नसतात. रात्री दमून आल्यावर ‘खाऊ दे गं, एवढं काय त्यात’ म्हणून मोकळे होतात आणि रविवारी भरपाई म्हणून कॉलेज रोडला पिझ्झा खायला नेतात. धाकटी बहीण शिकते की भोकाड पसरलं की मिळतं. लग्नाकार्यात मावशी-काकू पोराच्या पोटाकडे बघून शेरे मारतात, आणि ते शेरे आईला लागतात.

या भांडणात एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. ते पाकीट मुलाने घरात आणलेलं नसतं. दर टप्प्यावर ते मोठ्यांनी आणलं, आणि स्वतःची एखादी अडचण भागवायला आणलं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. जुनं नाशिक काही सात्त्विक खात नव्हतं. गंगेवरचा (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) भेळभत्ता, रविवार कारंजावरची जिलबी, चिवडा, पाववडा, तर्रीदार मिसळ यांतलं काय डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे? तेल होतं, मीठ होतं, साखर तर होतीच. फरक होता तो मिळण्यात. भत्ता खायचा तर गंगेवर जावं लागे, तेही मोठ्या माणसाबरोबर आणि त्याच्या सवडीने. कागदाच्या पुडीत आणलेला चिवडा थोड्या दिवसांत सादळून जाई. फराळाचा डबा फडताळात वरच्या कप्प्यावर असे आणि तिथवर हात पोचणारं माणूस ठरलेलं असे. खाण्याला वेळ होती, जागा होती आणि राखण होती. पुढच्या काही दशकांत या तिन्ही गोष्टी एकेक करून गेल्या.

सुरुवात राखणीपासून झाली. साठच्या दशकात ओझरला एचएएलचा विमान कारखाना आला, सातपूरला एमआयडीसी वसली, मग अंबड. सत्तरीनंतर सिडकोने नवीन नाशिकच्या वसाहती उभ्या केल्या. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातून, जळगाव-धुळ्याकडून तरुण जोडपी नोकरीसाठी आली. मोकळं अंगण आणि आजी दोन्ही गावाकडेच राहिली. वडिलांची नाइट शिफ्ट असली की दिवसा ते त्याच दोन खोल्यांत झोपणार आणि पोराला गप्प ठेवणं ही आईची ड्युटी. पार्ल्याचं ग्लुकोज बिस्कीट स्वातंत्र्याआधीपासून बाजारात होतं. पण रडणाऱ्या मुलाच्या हातात ते देऊन शांतता विकत घेणं हा रिवाज अशा घरांत रुजला. त्या आयांना दोष द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्यापुढे दुसरं होतं काय?

१९८३ साली मॅगी भारतात आली. तिची जाहिरात नीट आठवा: भुकेलं मूल घरात येतं आणि आई दोन मिनिटांत त्याच्यापुढे नूडल्सचा बाऊल ठेवते. चवीइतकंच वजन त्या दोन मिनिटांना होतं. शाळा सुटायची आणि रात्रीच्या जेवणाची वेळ यांच्यामधली पोकळी, जिथे पूर्वी शिळ्या भाकरीचा कुस्करा, गूळ-शेंगदाणे किंवा दडपे पोहे असत, ती कंपनीने अचूक हेरली. दोन वर्षांनी फ्रूटी आली. याच सुमारास घरोघरी टीव्ही आला आणि जाहिरात पहिल्यांदा आईला वळसा घालून थेट मुलाशी बोलू लागली.

नव्वदच्या दशकात जे झालं ते मात्र केवळ जाहिरातीने झालं नाही, आणि इथे थोडं थांबायला हवं. १९९० मध्ये पेप्सी आली. १९७७ मध्ये निघून गेलेली कोकाकोला १९९३ मध्ये परतली. १९९४ मध्ये पामोलिनची, म्हणजे पामतेलाची, आयात खुली झाली आणि तळणाचं स्वस्त तेल कारखान्यांना हवं तेवढं मिळू लागलं. १९९५ मध्ये लेज वेफर्स आणि मुलांची वाहिनी कार्टून नेटवर्क ही दोन्ही नावं आपल्याकडे एकाच वर्षी आली. १९९६ मध्ये दिल्ली-मुंबईत मॅकडोनाल्ड्स उघडलं. त्याला नाशिकची वाट सापडायला वेळ लागला. पण १९९९ मध्ये कुरकुरे आले, आणि त्यांना कॉलेज रोडची गरजच नव्हती.

मका, तांदूळ आणि हरभऱ्याचं पीठ यंत्रात दाबाखाली तापवून बाहेर फेकायचं, ते फुलतं; मग तळायचं आणि मसाला लावायचा. थरांच्या प्लास्टिकचं पाकीट करून आत नायट्रोजन भरायचा, म्हणजे तेल खवट होत नाही आणि माल महिनोन्‌महिने टिकतो. सादळण्याची भीतीच गेली. पाच रुपयांच्या पाकिटांची माळ आता सुरगाणा आणि पेठ तालुक्यातल्या पाड्यावरच्या दुकानातही लटकते, जिथे ताजी भाजी रोज पोचेलच असं नाही. ज्या जिल्ह्यात खरिपाला मक्याची शेतंच्या शेतं उभी असतात तिथली पोरं मका ओळखतात ती मसाला लावलेल्या नळीवरून.

म्हणून हा फक्त लठ्ठपणाचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झालं. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, म्हणजे दीर्घकाळ कुपोषित, आढळली. तेच पाकीट गंगापूर रोडच्या मुलाला जाड करतं आणि पाड्यावरच्या मुलाची भूक मारून त्याला आणखी खुरटवतं.

आता ज्या शब्दावर घराघरांत वाद होतो तो: व्यसन. ‘दारूसारखं व्यसन लागलंय याला’ असं आई म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचंय ते कळतं, पण वैद्यकशास्त्र एवढं पुढे गेलेलं नाही. मानसिक विकारांच्या अधिकृत वर्गीकरणात अन्नाचं व्यसन हा आजार नाही. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये व्यसनाच्याच निकषांवर बेतलेली एक प्रश्नावली केली: ठरवलं त्यापेक्षा जास्त खाल्लं जातं का, सोडायचा प्रयत्न फसतो का, न मिळाल्यास चिडचिड होते का. पुढे तिची मुलांसाठी वेगळी आवृत्तीही निघाली. वाद अजून मिटलेला नाही. निकोटीनसारखं एकच द्रव्य इथे बोट ठेवून दाखवता येत नाही.

पण या पदार्थांची घडणच जास्त खायला लावते, याचा चांगला पुरावा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात बनलेलं तयार अन्न, दोन आठवडे साधं. दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलोने वाढत होतं. ही मोठी माणसं होती, आणि आपण प्रयोगात आहोत हे त्यांना माहीत होतं. सात वर्षांच्या पोराकडून आपण मनोनिग्रहाची अपेक्षा करतो.

कारणं अनेक असावीत. हे पदार्थ फारसे चावावे लागत नाहीत, तोंडात विरघळतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जाईतो पाकीट संपलेलं असतं. मैदा आणि तेल, किंवा साखर आणि तूप, यांची एकत्र जोडी निसर्गात क्वचितच मिळते. उलट कारल्याची किंवा मेथीची चव मुलाला जन्मजात आवडत नाही. नवी भाजी स्वीकारायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताट परत आलं की कोणती आई आणखी सहा वेळा तीच भाजी करेल, विशेषतः सासूबाई ‘पोर उपाशी झोपलं’ म्हणत असताना? दोन मिनिटांत नूडल्स होतात आणि घरात शांतता नांदते. पोरगंही एक नियम शिकतं: ताट नाकारलं की आवडीचं येतं. त्याचा हट्ट पुढे वर्षानुवर्षं या नियमावर चालतो.

२०१५ मध्ये या सगळ्याकडे नीट पाहायची एक संधी आली होती. जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिशाच्या आणि एमएसजी या चव वाढवणाऱ्या द्रव्याच्या मुद्द्यावर मॅगी बाजारातून काढायला लावली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून नव्याने चाचण्या घ्यायला सांगितल्या, त्या पार पडल्या आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परतली. माझ्या मते त्या वादाने नुकसानच केलं. चर्चा शिशाभोवती फिरली. शिसं नाही म्हटल्यावर लोकांनी ‘म्हणजे चांगली आहे’ असा अर्थ काढला. मैदा, पामतेल आणि मीठ रोज मुलाच्या पोटात जावं का, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

नियम नंतर आले. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जास्त मीठ, साखर आणि स्निग्धांश असलेले पदार्थ विकायला मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ही बंदी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेली. कागदावर ठीक आहे; आपल्याकडच्या कितीतरी शाळांसमोरचं स्टेशनरीचं दुकान याच्या निम्म्या अंतरावरही नसतं, आणि वहीच्या शेजारीच ती माळ लटकत असते. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितलं.

दरम्यान घरातली उरलीसुरली राखणही गेली. मार्च २०२० नंतर शाळा बंद, मुलं घरात, आणि घरबसल्या जेवण मागवण्याची सोय आईच्या फोनमध्ये. गंगेवर जावं लागत नाही, दुकानापर्यंतही नाही. आईवडील दोघंही कामावर असलेल्या घरात संध्याकाळची ऑर्डर मूलच करतं. पैसे परस्पर कटतात.

जी घरं यातून थोडीफार बाहेर येतात तिथे बदल बहुधा मुलापासून सुरू होत नाही. किराणा भरणारं माणूस यादी बदलतं. आजोबा देवळातून येताना केळी किंवा राजगिऱ्याचे लाडू आणायला तयार होतात, आणि हे सांगायचं काम सून नव्हे, त्यांचा मुलगा करतो. पाकीट बक्षीस म्हणून देणं थांबतं. पहिले काही दिवस घरात रडारड असते, जेवणं अर्धी राहतात, आणि शेजारी विचारतात, पोराला मारता का?

बाजार मात्र वाट बघत थांबत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. शीतपेयांवरचा एकूण कर ४० टक्केच राहिला. नमकीन, चॉकलेट, बिस्किटं आणि इन्स्टंट नूडल्स ५ टक्क्यांत आले. पाच रुपयांच्या पाकिटाची किंमत चार रुपये काही पैसे करणं गैरसोयीचं. म्हणून काही कंपन्यांनी किंमत तीच ठेवली आणि आतला माल वाढवला.