वीट आला, तरी रांग मोठीच

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर मतदारसंघात ८४ टक्क्यांहून जास्त मतदान झालं. राज्याची सरासरी ६६ टक्क्यांच्या आसपास होती. याच कोल्हापुरात एखाद्या तालमीच्या कट्ट्यावर किंवा उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर राजकारणाचा विषय काढून बघा. "सगळे एकाच माळेचे मणी. आपल्याला काय करायचंय?" हे उत्तर ठरलेलं. सकाळी सातला मतदानाच्या रांगेत उभा राहणारा माणूस आणि हे बोलणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो.

या वैतागाला आळस किंवा बेफिकिरी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. विज्ञानाने त्याकडे बरंच बारकाईने पाहिलंय.

१९५४ मध्ये अँगस कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी मतदारांचा अभ्यास करताना एक साधी गोष्ट मोजली : आपण काही केल्याने राज्यकारभारात फरक पडतो, असं माणसाला वाटतं का? पुढच्या अभ्यासकांनी या भावनेचे दोन भाग केले. पहिला, मला राजकारण समजतं आणि त्यात उतरायची कुवत माझ्यात आहे. दुसरा, मी बोललो तर वरचे ऐकतात. कोल्हापूरकराचा पहिला भाग ठणठणीत आहे. गोकुळ दूध संघाच्या संचालकपदापासून खासदारकीपर्यंत कोणाचा गट कुठे फिरला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोडलाय तो दुसरा भाग. राजकारण अजिबात न समजणाऱ्याला वीट येत नाही. ज्याला सगळं समजतं आणि तरी काही बदलत नाही, त्याला येतो.

हा भाग मोडतो कसा, याचा एक धागा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १९६७ च्या प्रयोगांत सापडतो. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे त्रासदायक झटके दिले. एका गटातल्या कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून झटका बंद करता येत होता. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, तेवढाच वेळ बसत होते, पण त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. मग सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे एक बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटाने उडी मारली. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे जागीच बसून राहिले. त्रास दोघांनाही सारखाच झाला होता. फरक पडला तो आपल्या करण्याचा परिणामाशी काही संबंध आहे की नाही, या अनुभवाने. (असे प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.)

जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी हतबलता अनुभवातून शिकली जाते, हा आपला जुना निष्कर्ष उलटा केला. मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूवर बरंच काम केलं होतं. त्यातून दिसलं, की त्रास लांबला की गप्प बसणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. मेंदूच्या खोडातला पेशींचा एक पुंजका, म्हणजे केंद्रक, ती घडवून आणतो. शिकावं लागतं ते ताबा मिळवणं. आपल्या कृतीने त्रास थांबतो, हे कपाळामागच्या भागाला कळलं, की तो त्या केंद्रकाला आवर घालतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : ज्या उंदरांना आधी एकदा ताबा मिळाल्याचा अनुभव होता, ते नंतर हाताबाहेरचे झटके बसूनही ढेपाळले नाहीत.

उंदराचा मेंदू आणि मतदाराचं मन यांत मोठं अंतर आहे, ते विसरून चालणार नाही. तरी आपल्या राज्याची गेली काही वर्षं आठवा. २०१९ ला युतीला मत देणाऱ्या आणि आघाडीला मत देणाऱ्या, दोन्हीकडच्या अनेकांनी आपलं मत भलत्याच बाजूला जाऊन बसलेलं पाहिलं. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. २००३ च्या दुरुस्तीने एक-तृतीयांश आमदारांच्या फुटीची पळवाटही काढून टाकली. तरी २०२२ आणि २०२३ मध्ये दोन मोठे पक्ष फुटले, आणि पक्ष कोणाचा याचा निकाल मतदाराला विचारून लागला नाही. फळी दाबली, झटका थांबला नाही. अशा वेळी "सगळे सारखेच" म्हणणारा माणूस चुकीचा अंदाज बांधतोय, असं मी म्हणणार नाही. त्याने पाहिलेल्या पुराव्यावरून तो अंदाज बरोबर आहे.

दुसरा घाव सार्वजनिक बोलण्याचा आहे. आमच्या शेजारी एक काका राहतात, आयुष्यभर फाउंड्रीत मोल्डर होते. तिन्हीत्रिकाळ राजकारणावर बोलणारा माणूस. हल्ली ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून बाहेर पडलेत, बातम्याही लावत नाहीत. "माणसं अशी कधी झाली?" एवढंच विचारतात. त्यांच्या प्रश्नाने मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्याचं उत्तर संशोधनात आहे आणि ते काकांना वाटतं त्यापेक्षा बरं आहे.

विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पाच लाखांहून जास्त ट्वीट तपासले. मजकुरात नीती आणि भावना दोन्हींना डिवचणारा एकेक शब्द वाढला, की तो पुढे पाठवला जाण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी वाढत होतं. २०२२ मध्ये अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी अमेरिका आणि डेन्मार्कमधली माणसं अभ्यासली. ऑनलाइन आलं की सभ्य माणूस बिघडतो, हा समज टिकला नाही. तिथे शिव्या देणारे बाहेरही तसेच वागतात. ऑनलाइन ते फक्त जास्त लोकांना दिसतात. तालमीत पंचवीस जण जोर मारत असतात, पण रस्त्यावर ऐकू येतो तो दारात भांडणाऱ्या दोघांचा आवाज. २०२३ च्या आणखी एका अभ्यासात ब्रेडी यांच्या गटाने ट्वीट लिहिणाऱ्यांनाच विचारलं, तुम्ही किती संतापला होता? वाचणाऱ्यांनी धरलेला संताप लिहिणाऱ्याच्या खऱ्या संतापापेक्षा जास्त निघाला. हे अभ्यास परदेशातले आहेत, त्यातले दोन ट्विटरवरचे, पण काकांच्या प्रश्नाला ते थेट भिडतात. माणसं तशी झालेली नाहीत. तशी असलेली थोडी माणसं सारखी समोर आणली जातात, आणि बाकीची कंटाळून गप्प बसली की चित्र आणखी बिघडतं. काकांसारख्यांनी उठून जाण्याचं नुकसान मला यासाठीच फार मोठं वाटतं.

मग रांग मोठी का? माझा अंदाज सांगतो, तो सिद्ध झालेला नाही. या गावाला ताबा मिळाल्याचा अनुभव आहे. शहरातल्या रस्त्यांवर बसवलेला टोल एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांसोबत पेठापेठांतले लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले म्हणून अखेर रद्द झाला. ज्यांनी ते पाहिलं, त्यांच्या मनात कुठेतरी फळी दाबल्यावर झटका थांबल्याची नोंद आहे.

अशी नोंद होण्याची सगळ्यात सोपी जागा महापालिका. गटार तुंबलं, नगरसेवकाला गाठलं, गटार निघालं : कृती आणि परिणाम यांत एवढं कमी अंतर दुसरीकडे कुठेच नाही. आणि नेमकी तीच जागा कोल्हापुरात नोव्हेंबर २०२० मध्ये रिकामी झाली. पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार पाहिला. शहराने या काळात २०२१ चा महापूर काढला, काळम्मावाडी धरणातून पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनची वाट पाहिली, आणि जाब विचारायला प्रभागात निवडून आलेला माणूस नव्हता. विधानसभेच्या फुटींवर आपण खूप बोललो. या रिकाम्या पाच वर्षांनी किती जणांना गप्प बसायला लावलं असेल, यावर फार कमी बोललो.

तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असायलाच हव्यात, असं ७४ व्या घटनादुरुस्तीत लिहिलंय. २०११ च्या जनगणनेतच कोल्हापूर साडेपाच लाखांच्या जवळ होतं. आपल्या प्रभाग समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिच्यात कोणते विषय आले आणि आपल्या गल्लीच्या कामाचं काय ठरलं, हे माहितीच्या अधिकारात कोणालाही विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. काकांचा अर्ज मी लिहून दिलाय. सही करायची की नाही, याचा ते विचार करतायत.