कुत्र्याला घेऊन फेरीने फ्रान्स: इंग्लंडहून कॅराव्हॅन नेताय तर कुठले कागद लागतात

इंग्लंडमधून कारमागे कॅराव्हॅन (चाकांवरचं छोटं घर) जोडून फ्रान्सला निघायचं म्हटलं की आपली मंडळी आधी फेरी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, बुक करतात, मग कॅम्पसाईट, आणि कुत्र्याचं काय ते शेवटच्या आठवड्यात बघू म्हणतात. उलटं करा, आधी व्हेटची म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये काढलेला जुना पेट पासपोर्ट युरोपात जायला चालत नाही, त्याच्या जागी ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट म्हणजे एएचसी लागतं, आणि इथून निघताना दर ट्रिपला नवीन. मे २०२५ मध्ये पेट पासपोर्ट परत आणायची बोलणी झालीत खरी, पण तो हातात पडेपर्यंत एएचसीच.

आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. हा क्रम उलटा झाला तर ती लस धरतच नाहीत, परत टोचावी लागते. लशीच्या वेळी पिल्लू कमीत कमी १२ आठवड्यांचं हवं, आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबायचं, टोचली तो दिवस सोडून मोजायचं. बूस्टर वेळेत दिला असेल तर थांबावं लागत नाही. भारतातून कुत्रा आणलेल्यांना ती रक्ताची टायटर टेस्ट (रेबीजची लस लागू पडली का ते बघणारी) आठवून अजून घाम फुटतो, पण इथून फ्रान्सला जायला ती लागत नाही.

एएचसी फक्त ऑफिशियल व्हेट, म्हणजे सरकारने त्यासाठी अधिकार दिलेला व्हेट देतो, म्हणून तुमच्या नेहमीच्या क्लिनिकमध्ये तसा कोणी आहे का हे आधी फोन करून विचारा. युरोपात पोचायच्या आधीच्या १० दिवसांतच ते काढायचं, जाताना लशीचं कार्ड आणि चिप नंबर घेऊन जा. फी क्लिनिक ठरवतं, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारलेलं बरं. एका सर्टिफिकेटवर ५ प्राणी बसतात. ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याची भाषा त्यावर लागते, फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरलात तर फ्रेंच, नेदरलँड्सच्या हुक ऑफ हॉलंडला डच. कुत्र्यासोबत मालक नसून दुसरं कोणी जाणार असेल तर मालकाची लेखी परवानगी जोडा.

फेरी बुक करताना कुत्रा ॲड करायला विसरू नका. डोव्हर-कॅले दीडेक तासाचं, तिथे कुत्रा बहुतेक वेळा गाडीतच राहतो, गाडीत म्हणजे कारमध्ये, मागच्या कॅराव्हॅनमध्ये नाही. पोर्ट्समथहून स्पेनच्या सान्तान्देरला जाणाऱ्या लांबच्या फेऱ्यांवर पेट केबिन मिळतात, पण त्या मोजक्याच असतात, सुट्ट्यांच्या दिवसात तर लगेच संपतात.

खरी फजिती परतताना होते. परत येताना कुत्र्याला टेपवर्मचं (पोटातल्या जंताचं) औषध तिकडच्या व्हेटकडूनच द्यावं लागतं, इंग्लंडमध्ये पोचायच्या आधी २४ ते १२० तासांच्या आत, आणि एएचसीवर तारखेसोबत वेळ, सही, शिक्का सगळं हवं. घरून गोळी नेऊन स्वतः दिली तर चालत नाही. म्हणून शेवटच्या कॅम्पसाईटजवळचा व्हेट निघायच्या आधीच शोधून ठेवा, फ्रान्समध्ये रविवारी उघडं क्लिनिक मिळणं कठीण. चार-पाच दिवसांचीच ट्रिप असेल तर हे औषध इकडूनच देऊन निघता येतं, फक्त १२० तास उलटायच्या आत परत पोचायचं.

कॅराव्हॅनच्या कपाटात भरलेलं डॉगफूडही बघून घ्या. मांस किंवा दूध असलेलं काही युरोपात नेता येत नाही, त्यात कुत्र्याचं खाणंही आलं, आजारपणाचं स्पेशल फूड तेवढं २ किलोपर्यंत चालतं. बाकीचं कॅलेत उतरल्यावर सुपरमार्केटमधून घ्या.

आणि पिटबुल टाईपचा कुत्रा असेल तर फ्रान्स विसरा, तिथे त्याला प्रवेशच नाही. रॉटवायलरला नेता येतं, पण बाहेर पट्टा आणि तोंडाला मझल (चावू नये म्हणूनची जाळी) लागतं.