गढूळ झालेलं तळं आपोआप का निवळत नाही?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि काही दिवसांतच व्हेनिसच्या कालव्यांचे फोटो जगभर फिरू लागले. एरवी गढूळ असणारं पाणी इतकं नितळ झालं होतं की तळ दिसत होता. सोबत डॉल्फिनचा एक व्हिडिओ होता आणि त्याखाली ठरलेलं वाक्य: माणूस बाजूला झाला की निसर्ग स्वतःला बरा करून घेतो. डॉल्फिन व्हेनिसचे नव्हतेच, तो व्हिडिओ सार्डिनिया बेटावरच्या बंदरातला होता. पाणी मात्र खरोखरच नितळ झालं होतं. बोटी थांबल्या, तळाचा गाळ ढवळला जाईना, म्हणून तो खाली बसला. तिथल्या महापौर कार्यालयानेही हेच कारण दिलं होतं. गाळ खाली बसला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं होत नाही.

त्या फोटोंनी एक जुना समज मात्र आणखी घट्ट केला. निसर्गाचा एक ठरलेला तोल असतो, आपण तो बिघडवतो, आणि आपण हात काढून घेतला की तो आपोआप मूळ जागी येतो, असा हा समज. ऐकायला तो फार दिलासा देणारा आहे. पण त्याच्या भरवशावर धोरणं आखली तर माणसं आणि परिसंस्था दोन्ही खड्ड्यात जातात. हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिलं आहे ते उथळ तळ्यांनी.

दोन-तीन मीटर खोलीचं तळं घ्या. पाणी स्वच्छ असेल तर सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि तिथे पाणवनस्पती वाढतात. या वनस्पती स्वतःला लागणारी स्वच्छता स्वतःच टिकवतात. त्यांच्या मुळांनी गाळ धरून ठेवला जातो, लाटांचा जोर मोडतो. पाण्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन त्या शोषून घेतात, त्यामुळे शैवालाला खायला कमी उरतं. शिवाय त्यांच्या आडोशाला डॅफ्नियासारखे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव माशांपासून लपून राहतात आणि पाणी गाळून शैवाल फस्त करतात. म्हणजे पाणी स्वच्छ म्हणून वनस्पती, आणि वनस्पती म्हणून पाणी स्वच्छ.

आता आजूबाजूच्या शेतांतून खत आणि वस्त्यांतून सांडपाणी येऊ लागतं. गोड्या पाण्यात शैवालाची वाढ बहुतेक वेळा फॉस्फरसच्या तुटवड्यामुळे आटोक्यात राहते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तळ्याचे मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. ती बाजू हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली. वरून काढलेला त्या तळ्याचा फोटो पाहिल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही.

फॉस्फरस वाढत जातो तरी बरीच वर्षं वरून काही दिसत नाही. वनस्पती सगळं सोसतात. मग एका मर्यादेपलीकडे शैवाल इतकं दाटतं की तळापर्यंत उजेड पोहोचत नाही आणि वनस्पती मरतात. इथून उलटं चक्र सुरू होतं. गाळ धरायला मुळं उरलेली नसतात, वाऱ्याच्या प्रत्येक झोताने तो वर येतो. डॅफ्नियाला आडोसा नसतो, मासे त्यांना संपवतात. ब्रीमसारखे तळाशी चरणारे मासे अन्नासाठी गाळ उकरत राहतात. मेलेलं शैवाल तळाशी कुजताना तिथला ऑक्सिजन संपतो, आणि याचा परिणाम सर्वांत चिवट असतो. गाळातलं फेरिक लोह, म्हणजे ऑक्सिजन असताना टिकणारं लोहाचं रूप, फॉस्फेटला, म्हणजे पाण्यातल्या फॉस्फरसच्या संयुगाला, धरून ठेवतं. ऑक्सिजन नसला की ते फेरस होऊन विरघळतं आणि फॉस्फेट सुटून पुन्हा पाण्यात येतं. बाहेरून येणारं सांडपाणी आज बंद केलं तरी तळं स्वतःच्याच गाळातून स्वतःला खत घालत राहतं.

एकाच तळ्याला अशा दोन टिकाऊ अवस्था असतात, स्वच्छ आणि गढूळ. नेदरलँड्सचे परिसंस्थाशास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी 1990 च्या दशकात याचं गणित नीट मांडलं. आडव्या अक्षावर फॉस्फरस आणि उभ्या अक्षावर गढूळपणा असा आलेख काढला तर सरळ चढणारी रेघ मिळत नाही, घडी पडलेली वक्ररेषा मिळते. फॉस्फरसच्या एका ठरावीक पट्ट्यात एकाच मूल्याला तीन उत्तरं असतात: वरचं गढूळ, खालचं स्वच्छ, आणि मधलं अस्थिर. दोन खळगे असलेली जमीन आणि त्यांतल्या एकात पडलेली गोटी डोळ्यांसमोर आणा. मधलं उत्तर म्हणजे दोन खळग्यांमधला उंचवटा. फॉस्फरस वाढतो तसा स्वच्छ पाण्याचा खळगा उथळ होत जातो. गोटी अजून तिथेच असते, म्हणून सगळं ठीक वाटतं, पण आता लहानशा धक्क्यानेही ती पलीकडे जाऊ शकते. एखादं वादळ किंवा एखादा कडक उन्हाळा पुरतो. खळगा पूर्ण सपाट झाला तर धक्क्याचीही गरज उरत नाही. आणि गोटी परत आणायची तर फॉस्फरस जिथे घात झाला तिथपर्यंत उतरवून भागत नाही. दुसरा खळगा सपाट होईपर्यंत, म्हणजे कितीतरी खाली, उतरवावा लागतो. जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असण्याच्या या गुणधर्माला हिस्टेरेसिस म्हणतात. चुंबकत्व शिकताना हा शब्द काहींनी ऐकला असेल. त्या मधल्या पट्ट्यात तळं स्वच्छ असेल की गढूळ, हे आजच्या फॉस्फरसवरून सांगता येत नाही. त्यासाठी तळ्याचा इतिहास माहीत असावा लागतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. नेदरलँड्समधल्या वेलुवे तळ्यात 1960 च्या दशकाच्या शेवटी फॉस्फरस दर लिटरला सुमारे 0.15 मिलिग्रॅमच्या वर गेला आणि पाणवनस्पती कोसळल्या. 1979 पासून तो कमी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. वनस्पती परतल्या 1990 च्या दशकात, तेही फॉस्फरस 0.10 च्या खाली गेल्यावर. मधल्या काळात ब्रीम मासे मोठ्या प्रमाणात पकडले गेले, त्याचाही उपयोग झाला.

तळ्यातले मासे एका रात्रीत मरून तरंगू लागले की कुणी दैवी कोप म्हणतं, कुणी विषप्रयोगाचा संशय घेतं. विष कालवल्याच्या घटना घडतात, पण शैवालाने दाटलेल्या तळ्यात त्याशिवायही हे होतं. दिवसा शैवाल ऑक्सिजन तयार करतं, रात्री मात्र शैवाल, जीवाणू आणि मासे सगळेच तो वापरतात. पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास, ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. आदल्या दिवशी आभाळ भरलेलं असेल तर तो पुरत नाही. ऑक्सिजन मोजणारं उपकरण पहाटे पाण्यात सोडलं तर कोप आणि कारण यांतला फरक तिथल्या तिथे कळतो. दुसऱ्या टोकाला, जीवाणूंचं द्रावण ओतून महिन्याभरात तळं शुद्ध करून देण्याच्या जाहिराती असतात. जीवाणू फॉस्फरसचं रूप बदलू शकतात, तो नाहीसा करू शकत नाहीत. फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे. तो बाहेर काढावा लागतो, गाळात पक्का बांधावा लागतो किंवा मुळात येऊच द्यायचा नसतो. यापेक्षा चौथा मार्ग कुणी विकत असेल तर त्याच्याकडे आधी आणि नंतरची मोजमापं मागावीत.

या तळ्याच्या चित्रात माणूस कुठे आहे? तो काठावर उभा राहून धक्के देणारा परका नाही. कॅनडाचे परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी 1973 मध्ये लवचिकतेची, म्हणजे धक्के सोसूनही परिसंस्था मोडून न पडण्याच्या क्षमतेची, संकल्पना मांडली, तेव्हापासून हळूहळू हे पटत गेलं की शेतकरी, मच्छीमार, बाजारभाव, कर्ज आणि नियम हेही त्याच चक्रांचे भाग आहेत. चक्रात झटपट बदलणाऱ्या गोष्टी असतात, जशा पाण्याचा रंग आणि आजची मासळी. आणि सावकाश बदलणाऱ्या असतात, जशा मातीतला फॉस्फरस आणि प्रौढ माशांचा साठा. माणसं झटपट गोष्टींकडे बघून निर्णय घेतात, घात मात्र सावकाश गोष्टींत शिजत असतो. मला या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या न्यूफाउंडलँड बेटाच्या कॉड माशांचं असंच झालं. 1968 मध्ये तिथे सुमारे 8 लाख टन कॉड पकडला गेला. 1977 मध्ये कॅनडाने 200 सागरी मैलांपर्यंत हक्क सांगून परदेशी जहाजांना आळा घातला आणि स्वतःचा ताफा वाढवला. साठ्याचा अंदाज बांधताना जहाजांना ताशी किती मासे मिळतात यावर बराच भर होता. पण कॉडची संख्या घटली तरी उरलेले मासे थव्यांनी एकत्र येत होते आणि सोनार असलेली जहाजं नेमकी त्या थव्यांवर पोहोचत होती. त्यामुळे साठा रिकामा होत असताना आकडा चांगलाच दिसत राहिला. 2 जुलै 1992 रोजी मासेमारीवर बंदी आली आणि सुमारे 30 हजार लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची असेल असं सांगण्यात आलं होतं. ती उठली 2024 मध्ये, तीही जेमतेम 18 हजार टनांच्या मर्यादेवर.

इथे समाजालाही हिस्टेरेसिस असतो. कर्ज काढून बोट घेतलेली असते, मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने उभे असतात, पूर्ण गावं त्यावर जगत असतात. मासे कमी झाले की मासेमारी कमी व्हायला हवी, पण हप्ता तोच असतो, म्हणून ती वाढते. उतरण लागल्यावर वेग कमी करणं ज्यांना सर्वांत जास्त गरजेचं, त्यांनाच ते सर्वांत जास्त महाग पडतं. त्यांना हावरट म्हणून मोकळं होणं हा मला अन्याय वाटतो.

मग पडझडीची चाहूल आधी लागू शकते का? काही वेळा लागते. खळगा उथळ झाला की गोटी धक्क्यानंतर पूर्वपदावर यायला जास्त वेळ घेते. आकडेवारीत हे असं दिसतं: मोजमापांचा चढउतार वाढतो आणि आजचं मूल्य कालच्या मूल्याला अधिकाधिक चिकटून राहतं, म्हणजे विचरण आणि स्वसहसंबंध दोन्ही वाढतात. स्टीफन कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या पीटर तळ्यात मुद्दाम मोठे शिकारी मासे सोडत जाऊन तिथली अन्नसाखळी पालटली. पालट पूर्ण होण्याच्या वर्षभराहून अधिक आधी हे इशारे दिसले होते. पण त्यासाठी सतत मोजणी लागते आणि शेजारी न छेडलेलं दुसरं तळं तुलनेला लागतं. बहुतेक ठिकाणी दोन्ही नसतं.

मोजणीपेक्षा जुना एक उपाय आहे, नियमांचा. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये लिहिलं की सामाईक कुरण ओरबाडलं जाणारच. ते खाजगी करा किंवा सरकारने ताब्यात घ्यावं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष उदाहरणं तपासून दाखवलं की वापरणारे लोक स्वतःच नियम करून अशी संसाधनं शतकानुशतकं टिकवू शकतात. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या उदाहरणांतलं एक म्हणजे स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल गाव. तिथला 1517 चा नियम असा: हिवाळ्यात जितक्या गाई पोसू शकता, त्याहून जास्त गाई उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवायच्या नाहीत. उन्हाळ्यात गवत किती दिसतंय यावर हा नियम अवलंबून नाही. ज्याच्या गोठ्यात जितका चारा, तितक्याच त्याच्या गाई, आणि शेजाऱ्याला ते सहज मोजता येतं.

तळ्याच्या बाबतीत अडचण अशी की फॉस्फरस सोडणारा आणि त्याचा त्रास भोगणारा एका गावात राहत नाहीत. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलीडो शहर आणि परिसरातल्या सुमारे 4 ते 5 लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, कारण ईरी सरोवरातल्या सायनोबॅक्टेरियांचं (शैवालासारख्या निळ्या-हिरव्या जीवाणूंचं) विष त्यात उतरलं होतं. फॉस्फरस येत होता मुख्यतः या सरोवराला मिळणाऱ्या मौमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांतून. त्यानंतर ओहायो, मिशिगन आणि ऑन्टॅरिओ यांनी सरोवराच्या पश्चिम भागात येणारा फॉस्फरस 40 टक्क्यांनी घटवण्याचं ठरवलं. पण शेतात यंदा टाकलेलं खत हा हिशेबाचा एक भाग झाला. गेल्या अनेक दशकांत मातीत साठलेला फॉस्फरस दर पावसाबरोबर निसटत राहतो. म्हणून अशा खोऱ्यात पहिलं काम माती परीक्षणाचं आहे: जिथे साठा आधीच भरपूर आहे तिथे फॉस्फरसचं खत पूर्ण थांबवता येतं, पीक काही वर्षं त्या साठ्यावरच निघतं आणि शेतकऱ्याचा खर्चही वाचतो.