टॅरोच्या पानांवर देव आधी आले, भविष्य नंतर

टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. ग्रीक देवांचे, आर्थर राजाच्या दरबाराचे, लोककथांचे टॅरो संच पाहिले की अनेकांना वाटतं, हे हल्लीचं खूळ आहे. मूळच्या गूढ पत्त्यांवर बाजाराने चढवलेला रंग. घडलं नेमकं उलट. देवांच्या कथा या पत्त्यांत आधीपासून होत्या. भविष्य सांगणं साडेतीन शतकांनी आलं.

मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती याने १४२५च्या आधी पत्त्यांचा एक कॅट करवून घेतला. कल्पना त्याचा सचिव मार्त्सियानो दा तोर्तोना याची, चित्रं मिकेलिनो दा बेसोत्सो याची. हुकमाच्या सोळा पानांवर देवदेवता आणि वीर: ज्युपिटर, जूनो, व्हीनस, बाखस, हर्क्युलिस आणि सगळ्यात शेवटी क्युपिड. चार रंगांना चार पक्षी दिले होते. गरुड सद्गुणांचा, फिनिक्स संपत्तीचा, होला संयमाचा, कबूतर सुखोपभोगाचं. ड्यूकच्या चरित्रकाराने या कॅटाची किंमत १५०० सुवर्णमुद्रा अशी नोंदवली आहे. पानं हरवली, पण मार्त्सियानोने प्रत्येक देवाची कथा सांगणारी लॅटिन पुस्तिका लिहिली होती, ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात टिकून आहे. टॅरोची बावीस चित्रपानं ठरण्याआधीचा हा कॅट, आणि तो निव्वळ खेळायचा होता.

देव हातात घेऊन खेळण्यात आपल्यालाही नवल वाटायला नको. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पानं असतात. डाव दिवसा असेल तर रामाच्या राजापासून सुरू होतो, रात्री असेल तर कृष्णाच्या.

टॅरोला गूढ वलय आलं ते १७८१मध्ये. पॅरिसच्या कूर द जेबलँ या विद्वानाने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात ठोकून दिलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं लपवलेलं ज्ञान. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. फ्रेंच अभ्यासक शाँपोलिओंने ती उलगडली १८२२मध्ये. तरीही कल्पना रुजली, आणि काही वर्षांतच एतेयिया या टोपणनावाच्या ज्योतिष्याने खास भविष्यासाठी संच छापला. म्हणजे टॅरोचा इजिप्तही एक दंतकथाच, फक्त ती इतिहास म्हणून खपवली गेली.

१९०९मध्ये लंडनला निघालेला रायडर-वेट संच आज सगळीकडे दिसतो. आराखडा आर्थर एडवर्ड वेट याचा, ७८ चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची. पामेलाचं बालपण काही काळ जमैकात गेलं होतं. तिथल्या अनान्सी या आठ पायांच्या कोळ्याच्या लोककथांचं पुस्तक तिने १८९९मध्ये काढलं आणि लंडनच्या बैठकांत ती या कथा रंगवून सांगत असे. जुन्या बहुतेक संचांत पेले, दंड, तलवारी, नाणी या चार रंगांच्या छोट्या पानांवर नुसते पेले किंवा तलवारी मोजून मांडलेल्या असत. तिने अशा बहुतेक पानांवर माणसं आणली, एकेक प्रसंग उभा केला. माझ्या मते पुढच्या सगळ्या कथाधारित संचांचं खरं मूळ इथे आहे. वेटचं नाव संचाला मिळालं, पामेलाचं कित्येक वर्षं कुणी घेतलं नाही, ही गोष्ट मला फार लागते.

१९८६मध्ये लिझ ग्रीन आणि ज्युलिएट शर्मन-बर्क यांचा 'मिथिक टॅरो' आला. चित्रं ट्रिशिया न्यूवेलची. त्यात चार रंगांना चार पूर्ण ग्रीक कथा मिळाल्या: पेल्यांना इरॉस आणि सायकी, दंडांना जेसनची सोनेरी लोकरीची मोहीम, तलवारींना ओरेस्टीस, नाण्यांना डिडॅलस. पान बदललं की कथा पुढे सरकते. आज निघणाऱ्या अनेक संचांत तसं होत नाही. पामेलाचीच चित्रं, फक्त चेहरे आणि कपडे एखाद्या देवाचे.

चांगला संच कुठे वेगळा पडतो हे 'प्रेमी' या एका पानावर दिसतं. फ्रान्समधल्या मार्सेयच्या जुन्या पद्धतीत तिथे दोन बायकांमध्ये उभा तरुण आहे आणि डोक्यावर क्युपिड बाण रोखून. कुणाला निवडायचं, हाच त्याचा पेच. वेटने तिथे देवदूताखाली ॲडम आणि ईव्ह बसवले आणि पेच पुसट झाला. 'मिथिक टॅरो'ने त्याच जागी ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचा न्याय मांडला: समोर हेरा, अथीना आणि ॲफ्रोडायटी या देवी, आणि सगळ्यात सुंदर म्हणून सफरचंद द्यायचं तिघींपैकी एकीलाच.