कमरेच्या ऑपरेशननंतर पायातली कळ परत येते तेव्हा

कमरेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर टाक्यांचं दुखणं लोक निभावून नेतात. घाबरवते ती वेगळीच गोष्ट: बरा झालेला पाय काही आठवड्यांनी पुन्हा कळ मारू लागतो. ‘गादी परत सरकली’ हा पहिला विचार येतो आणि माणूस हालचालच थांबवतो. हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो, काही वेळा खराही निघतो. फरक ओळखायला दुखण्याचा जोर फारसा उपयोगी नाही. ते कधी सुरू झालं, कुठे आहे आणि मध्ये बरा काळ किती गेला, या तीन गोष्टी जास्त सांगतात.

दोन मणक्यांमधल्या गादीचा गाभा मऊ आणि पाणीदार असतो, त्याभोवती चिवट तंतूंचं कडं असतं. कडं फाटलं की गाभ्याचा तुकडा मागे सरकतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाला टेकतो. हे बहुधा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांमध्ये घडतं, म्हणून दुखणं नितंबापासून पोटरी-पावलापर्यंत उतरतं. 1934 मध्ये विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या अमेरिकी शल्यविशारदांनी सायटिका (म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ) आणि फाटलेली गादी यांचा संबंध स्पष्टपणे मांडला, आणि तेव्हापासून हे ऑपरेशन रुळलं. आज ते सूक्ष्मदर्शकाखाली, लहानशा छेदातून होतं. पण त्यात काढला जातो तो नसेवर आलेला तुकडा. गादी नवी बसत नाही, फाटलेलं कडंही सहसा शिवलं जात नाही. प्रौढ वयात गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; शेजारच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावरच तिचं पोषण चालतं. त्यामुळे ते भोक सावकाश आणि अर्धवटच भरतं. ऑपरेशनआधी रुग्णाला हे नीट समजावून सांगितलं पाहिजे असं मला फार वाटतं, कारण पुढची बरीचशी भीती इथल्याच गैरसमजातून येते.

नसेची कहाणी वेगळी आहे. तिला दाबाबरोबर दाहही सोसावा लागतो. गादीच्या गाभ्यातले पदार्थ नसेजवळ आले की टीएनएफ-अल्फासारखी दाह पेटवणारी रसायनं तयार होतात आणि नस सुजते. दाब काढला की पायातली तीव्र कळ अनेकांच्या बाबतीत लगेच उतरते. पावलाची किंवा अंगठ्याची ताकद यायला आठवडे-महिने लागतात. बधिरपणा सगळ्यांत शेवटी जातो आणि काही जणांत थोडा कायमचा राहतो. इजा झालेले चेतातंतू पुन्हा वाढतात ते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या वेगाने, आणि कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मीटरभर आहे. ऑपरेशनला सहा महिने झाले तरी तळव्याला मुंग्या येतात, याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा होत नाही.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत पाय अधूनमधून दुखणंही नेहमीचंच. जखमेभोवतीची सूज, हळूहळू वाढलेलं चालणं-बसणं आणि अजून हळवी असलेली नस ही त्याची कारणं. दुखणं कमी-जास्त होत एकूण उताराकडे जात असेल, तर धीर धरायला हरकत नाही.

खरोखर गादी पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण 5 ते 15 टक्के आढळतं. त्याचं चित्र बहुधा ठळक असतं: काही आठवडे किंवा महिने पाय छान होता, मग एकदम, कधी खोकताना किंवा वाकताना, पूर्वीच्याच वाटेने जोरदार कळ उतरली. कड्यातलं भोक मोठं असेल तर हा धोका वाढतो. धूम्रपानानेही वाढतो.

याउलट, काही महिन्यांनी हळूहळू चढत गेलेल्या दुखण्यात नसेभोवतीच्या व्रणाचा, म्हणजे ऑपरेशनची जखम भरताना तिथे धरलेल्या चिवट ऊतीचा, संशय घेतात. असा व्रण थोडाफार प्रत्येकाच्या पाठीत तयार होतो आणि बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे एमआरआयमध्ये तो दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. व्रण आणि तुकडा वेगळे ओळखायला शिरेतून गॅडोलिनियम हे चित्रात उजळून दिसणारं द्रव्य देऊन एमआरआय काढतात. व्रणात रक्तवाहिन्या असतात, म्हणून तो उजळतो. गादीच्या तुकड्यात त्या नसतात, त्याची फक्त कड उजळते. घाईने काढलेला एमआरआय मात्र फसवतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिथली सूज जुन्या तुकड्यासारखीच दिसते आणि पाय ठणठणीत असलेल्या माणसाचा अहवालही घाबरवणारा येऊ शकतो.

दोन परिस्थितींत मात्र वाट पाहायची नाही. दोन ते चार आठवड्यांनी पायापेक्षा कमरच असह्य दुखू लागली, पडून राहूनही आराम नाही, रात्री दुखणं वाढतं, कदाचित ताप आहे, तर गादीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. लगेच डॉक्टरांना दाखवून रक्ताची सीआरपी ही दाह दाखवणारी तपासणी करून घ्यावी. आणि लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघांमधली व गुदद्वाराभोवतीची जागा बधिर झाली किंवा पायांची ताकद झपाट्याने कमी झाली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. इथे तासांचं महत्त्व असतं.

या दोन गोष्टी नसतील तर अंथरूण धरून बसण्यात फायदा नाही. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने दुखणं आणि अडचण लवकर कमी होते, आणि त्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण वाढल्याचं आढळलेलं नाही. चालणं तर सहसा त्याच्याही आधी सुरू करतात. किती महिने वाकायचं नाही, किती वजन उचलायचं नाही, यावर सर्जनांमध्ये एकमत नाही; आपल्या पाठीत नेमकं काय केलं आहे हे ज्याला माहीत आहे, त्याचं ऐकावं.

गादी परत सरकल्याचं सिद्ध झालं तरी लगेच टेबलावर जावं लागतंच असं नाही. बाहेर पडलेला तुकडा शरीर अनेकदा स्वतःच शोषून घेतं, आणि ताकद टिकून असेल तर काही आठवडे औषधं व फिजिओथेरपीवर थांबता येतं. नाहीच भागलं, तर पुन्हा बाहेर आलेल्या तुकड्यासाठी केलेलं दुसरं ऑपरेशन पुष्कळदा पहिल्याइतकंच गुण देतं. नुसता व्रण सोडवण्यासाठी केलेलं ऑपरेशन मात्र क्वचितच उपयोगी पडतं, कारण सोडवलेल्या जागी नवा व्रण धरतो. तिथे नसेच्या दुखण्यावरची औषधं, नेमाने केलेला व्यायाम आणि निवडक रुग्णांत मज्जारज्जूला सौम्य विद्युतस्पंदनं देणारं उपकरण यांचा मार्ग जास्त खात्रीचा असतो.